दात्याचे नाव कोरले, गावाचे कोण कोरणार?

तापी आणि गोमाई यांच्या संगमावरचे प्रकाशा हे गाव खानदेशात दक्षिण काशी म्हणून सर्वांना ठाऊक आहे. केदारेश्वराच्या दर्शनाला येणारा भाविक घाटावर जातो, पूजा करतो आणि परत फिरतो. याच गावाने भारताच्या प्राचीन इतिहासात घातलेली भर मात्र त्याला फारशी कुणी सांगत नाही. 1954-55 साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी इथल्या पांढरीच्या टेकाडात उत्खनन केले. त्यातून चार कालखंड उलगडले. सर्वांत खालच्या थरात, इ.स.पूर्व 1700 च्या आसपास, रंगीत खापरे, दगडाची बारीक पाती आणि थोडे तांबे वापरणाऱ्या शेतकऱ्यांची वस्ती होती. त्यावर, मधे काही शतके गाव ओस पडल्यानंतर, लोखंड वापरणारे लोक आले. मग सातवाहनकाळाच्या आगेमागे भरभराट, आणि शेवटी मध्ययुगाच्या उंबरठ्यापर्यंत चालत आलेली वस्ती. जुन्या वस्तूंच्या कुठल्याही बाजारात प्रकाशाच्या त्या खापरांना कवडीही मिळणार नाही. तरीही माळव्याकडची आणि गोदावरी-प्रवरेकडची संस्कृती तापीच्या काठावर कशी भेटली, हे त्या फुटक्या तुकड्यांनीच सांगितले. कारण एकच: प्रत्येक तुकडा कुठल्या गावात, कुठल्या खड्ड्यात आणि कितव्या थरात मिळाला, याची नोंद झाली होती.

हे सांगण्याचे प्रयोजन असे, की जुन्या वस्तूंशी संबंधित थोरवी मोजण्याची आपली पद्धत नेमकी उलटी आहे. ज्याने पुष्कळ वस्तू गोळा केल्या आणि पुढे त्या एखाद्या संग्रहालयाला दिल्या, त्याचे नाव दालनाच्या दारावर लागते. त्या वस्तू कुठल्या गावातून, कुणाच्या हातून, कोणत्या परिस्थितीत उचलल्या, हे त्याने लिहून ठेवले का, असे कुणी विचारत नाही. माझे म्हणणे असे, की कलेचा आश्रयदाता म्हणून एखाद्याला मान द्यायचा की नाही, हे वस्तूंच्या संख्येवर ठरू नये. वस्तूबरोबर तिचे गाव त्याने जपले की पुसून टाकले, यावर ते ठरावे. आणि ही कसोटी लावायची तर सैन्यातून निवृत्त होऊन जुन्या वस्तूंकडे वळलेल्या माणसांपासून सुरुवात करणे सोयीचे आहे. गेल्या दोनअडीचशे वर्षांत जगातल्या मोठ्या संग्रहालयांचा पाया ज्यांनी घातला, त्यांत अशी माणसे बरीच आहेत.

लुइजी पाल्मा दि चेस्नोला याचे आयुष्य या प्रकारचा सर्वांत ठळक नमुना आहे. जन्म 1832 चा, इटलीतल्या पीडमाँटमधला. तरुणपणी युरोपातल्या लढाया केल्या, मग अमेरिकेला गेला आणि तिथल्या यादवी युद्धात घोडदळाच्या एका पलटणीचा कर्नल झाला. 1863 साली ऑल्डीच्या लढाईत जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला, कैदेत राहिला. युद्ध संपल्यावर त्याला सायप्रसमध्ये अमेरिकेचा वकील म्हणून नेमण्यात आले आणि तिथे त्याला थडगी उकरण्याचा नाद लागला. दहाअकरा वर्षांत त्याने सुमारे 35 हजार वस्तू जमवल्या. सायप्रसवर तेव्हा तुर्की सुलतानाची सत्ता होती. अमेरिकेच्या वकिलाने वस्तू बाहेर नेऊ नयेत असा हुकूम आला, तेव्हा चेस्नोलाने आपल्याकडेच असलेला रशियाच्या वकिलाचा हुद्दा पुढे केला आणि पेट्या जहाजावर चढवल्या. त्यातली काही हजार वस्तूंनी भरलेली एक खेप 1871 मध्ये समुद्रात बुडाली. उरलेला मोठा भाग त्याने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला विकला. 1879 मध्ये तोच माणूस त्या संग्रहालयाचा पहिला संचालक झाला आणि 1904 मध्ये मरेपर्यंत त्या खुर्चीवर राहिला. मधे 1897 मध्ये ऑल्डीतल्या शौर्यासाठी त्याला अमेरिकेचे सर्वोच्च लष्करी पदकही मिळाले. सैनिक, विक्रेता आणि कलेचा पुरस्कर्ता या तिन्ही भूमिका एकाच माणसात, आणि तिन्हींचा गौरव झालेला.

आता त्याच्या संग्रहाचे काय झाले ते पाहू. कुरियन या प्राचीन नगराच्या मंदिराखालच्या तळघरांत एकत्र सापडलेला सोन्याचांदीचा खजिना म्हणून त्याने जे जगापुढे मांडले, त्या तळघरांचा पत्ता नंतरच्या संशोधकांना लागला नाही. वेगवेगळ्या थडग्यांतल्या, वेगवेगळ्या शतकांतल्या वस्तू त्याने एका ठिकाणी दाखवल्या असाव्यात, हे आज अभ्यासक मानतात. त्याच्या हयातीतच मूर्तींच्या डागडुजीवरून आरोप झाले, खटला गाजला. पुढे 1928 मध्ये संग्रहालयाने या वस्तूंपैकी कितीतरी लिलावात काढल्या. त्या वस्तू खोट्या होत्या असे नाही. सायप्रसच्या कारागिरांनी त्या खरोखरच घडवल्या होत्या. पण कुठल्या थडग्यात कोणत्या भांड्याशेजारी कोणता दागिना होता, हे कायमचे गेले. त्या बेटाच्या इतिहासाचे हे नुकसान पैशाने आणि पदकाने भरून निघणारे नाही.

महाराष्ट्रातले याच जातीचे उदाहरण एडवर्ड मूर याचे. हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईच्या फौजेतला अधिकारी. टिपूविरुद्धच्या तिसऱ्या युद्धात परशुरामभाऊ पटवर्धनांच्या सैन्याबरोबर कॅप्टन लिटलची जी इंग्रजी तुकडी होती, तिच्यात तो लढला आणि जखमी झाला. 1794 मध्ये त्या मोहिमेची हकीकत त्याने पुस्तकरूपाने छापली. पुढे मुंबईत लष्करी कोठाराचा अधिकारी असताना त्याने पितळेच्या छोट्या मूर्ती आणि देवदेवतांची चित्रे जमवली, चिंचवडच्या देवांना भेटून त्यांच्यावर लेख लिहिला आणि 1810 मध्ये लंडनला ‘हिंदू पॅन्थिऑन’ हा मोठा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या संग्रहातल्या मूर्ती आणि चित्रे आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. चेस्नोलाच्या तुलनेत मूर कितीतरी प्रामाणिक वाटतो. थडगी उकरून वस्तू पेट्यांत भरण्याचा उद्योग त्याने केला नाही, आणि आपल्याकडच्या मूर्तींचे वर्णन काळजीपूर्वक लिहिले. तरीही देव्हाऱ्यातला बाळकृष्ण कुठल्या वाड्यातून आला, खंडोबाचा टाक कुठल्या कुळाचा होता, कोणत्या अडचणीत त्या घराने तो बाहेर दिला, हे विचारायला गेले तर हाती काही लागत नाही. कोठारातल्या प्रत्येक जिनसेचा हिशेब ठेवण्याचे काम करणाऱ्या माणसाला हे सहज साधले असते. त्या काळी कुणी त्याची अपेक्षाच केली नाही, एवढेच.

सैनिकी शिस्तीचा जुन्या वस्तूंना खरा उपयोग होऊ शकतो, हे सिद्ध करायला आणखी सव्वाशे वर्षे जावी लागली. मॉर्टिमर व्हीलर पहिल्या महायुद्धात तोफखान्यात लढला, त्याला मिलिटरी क्रॉस मिळाला. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिका आणि इटलीतल्या लढाया करून तो 1944 मध्ये थेट दिल्लीला पुरातत्त्व सर्वेक्षणाचा महासंचालक म्हणून आला. इथे त्याने तक्षशिलेला तरुण भारतीयांचा वर्ग भरवला. चौकोनी खड्डे, मधे सोडलेल्या उभ्या भिंती, त्या भिंतींवर स्पष्ट दिसणारे मातीचे थर आणि प्रत्येक सापडलेल्या वस्तूला थराचा क्रमांक, ही पद्धत त्याने त्यांच्या अंगवळणी पाडली. व्हीलरच्या स्वभावातल्या हुकूमशाहीविषयी आणि आर्यांच्या आक्रमणाबद्दलच्या त्याच्या घाईच्या निष्कर्षांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. पण त्याच्या हाताखाली तयार झालेल्या पिढीतलेच थापर दहा वर्षांनी प्रकाशाला आले. म्हणून टेकाडाच्या पोटात मधली काही शतके रिकामी होती, हे कळू शकले. सुंदर वस्तू शोधत कुणी ते टेकाड फोडले असते, तर चार चांगली भांडी हाती आली असती आणि ती रिकामी शतके कुणाच्या लक्षातही आली नसती.

थराची नोंद नसली म्हणजे केवढे नुकसान होते, याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. प्रवराकाठच्या दायमाबादला 1974 मध्ये छबू लक्ष्मण भिल्ल या शेतमजुराला झाडाचे खोड खणताना धातूच्या चार मूर्ती मिळाल्या: हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैल जुंपलेला रथ. चारींचे मिळून वजन साठ किलोंहून अधिक. रथ जवळजवळ हातभर लांब, त्यात उभा सारथी, आणि जुवाकडे जाणाऱ्या दांड्यावर एक कुत्रा. हत्तीच्या पाटाखाली आस घालायला भोके आहेत, पण चाके नाहीत. भारतीय उपखंडातल्या प्राचीन धातुकामात याला जोड सापडणे कठीण. पुढे सां. अ. साळी यांनी तिथे अनेक वर्षे पद्धतशीर उत्खनन केले आणि या मूर्ती उत्तर हडप्पा काळाच्या मानल्या. म. के. ढवळीकरांनीही त्याच बाजूने मांडणी केली. दुसरीकडे डी. पी. अग्रवाल यांनी धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावरून शंका घेतली आणि मूर्ती इतक्या जुन्या नसाव्यात असे म्हटले. अर्धशतक उलटले तरी हा वाद पुरता मिटलेला नाही. तो न मिटण्याचे कारण, या मूर्ती उत्खननाच्या खड्ड्यात, ओळखीच्या थरात, कुठल्या खापराशेजारी मिळाल्या नाहीत. यात छबू भिल्लांचा काडीचाही दोष नाही. त्यांच्यामुळे निदान गाव तरी निश्चित आहे. दलालामार्फत याच मूर्ती मुंबईच्या किंवा लंडनच्या दुकानात पोहोचल्या असत्या, तर दायमाबाद हे नावही त्यांना चिकटले नसते आणि साळींना त्यांचा संबंध त्या वस्तीशी जोडताच आला नसता.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की संग्राहकांनी वस्तू उचलल्या नसत्या तर त्या उरल्याच नसत्या. हा आक्षेप वजनदार आहे. पुण्याच्या दिनकर केळकरांनी 1920 च्या दशकापासून पुढे आयुष्यभर दिवे, अडकित्ते, फण्या, वाद्ये, दारे, भांडी जमवली, अकाली गेलेल्या राजा या मुलाच्या नावे संग्रहालय उभे केले आणि ते राज्य सरकारच्या हाती सोपवले. त्यात वीस हजारांवर वस्तू आहेत. केळकर नसते तर त्यातले कितीतरी पितळ भंगारात आणि कितीतरी लाकूड चुलीत गेले असते. म्हणून संग्राहकाला चोर समजणाऱ्यांशी मी सहमत नाही. माझे म्हणणे केळकरांच्या कामाविरुद्ध जात नाही, ते त्या कामाच्या पुढच्या पायरीबद्दल आहे. वस्तू वाचवणे आणि तिचा पत्ता लिहिणे यांत आडकाठी कसली? वस्तू विकत घेणारा माणूस किंमत ठरवायला अर्धा तास घालवतो. त्याच अर्ध्या तासात घराचे, गावाचे, वापराचे चार शब्द लिहून होतात. केळकरांच्या पिढीला ते वहीपेन्सिलीने करावे लागत होते. आज खिशातल्या मोबाइलवर छायाचित्र, जागा आणि देणाऱ्याचा आवाजसुद्धा नोंदवता येतो.

दुसरा आक्षेप नोंदीच्याच विरोधातला आहे: कुठल्या देवळात काय आहे याची यादी केली, तर चोरांना ती आयतीच मिळेल. तामिळनाडूचा अनुभव याच्या उलट आहे. श्रीपुरंदनच्या देवळातली नटराजाची मूर्ती चोरीला गेली, न्यूयॉर्कच्या सुभाष कपूर या विक्रेत्यामार्फत 2008 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने ती सुमारे 50 लाख डॉलरला घेतली आणि 2014 मध्ये ती भारताला परत मिळाली. पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेने दक्षिणेतल्या देवळांची काढून ठेवलेली जुनी छायाचित्रे अशा मूर्तींची ओळख पटवायला कामी आली. चोराला देवळाची वाट यादीवाचूनही सापडते. मालकाला मात्र कागद नसेल तर जगातल्या कुठल्याही न्यायालयात मूर्ती आपली म्हणून दाखवता येत नाही; सात-बारा हरवलेल्या शेतासारखी तिची गत होते. कपूर संग्रहालयांना वस्तू भेट देणाराही होता, हे इथे विसरू नये. मुंबईत जन्मलेल्या डग्लस लॅचफर्डने कंबोडियाच्या राष्ट्रीय संग्रहालयाला मूर्ती दिल्या, तिथल्या सरकारने त्याचा सन्मान केला, आणि 2019 मध्ये अमेरिकेत त्याच्यावर चोरीच्या मूर्तींच्या व्यापाराचे आरोपपत्र दाखल झाले. खटला चालण्याआधी तो वारला. देणगीमुळे उरलेल्या मालाकडेही लोक विश्वासाने पाहू लागतात. म्हणूनच देणगी स्वीकारणाऱ्या संस्थेने प्रत्येक वस्तूचा माग मागितलाच पाहिजे. दाता निवृत्त सेनानी असो, उद्योगपती असो की मंत्र्यांचा मित्र.

कायदा आहेच की, असे काही जण म्हणतील. आहे. 1972 चा पुरावशेष आणि कलावस्तूंचा कायदा 1976 पासून लागू आहे. शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू, आणि हस्तलिखित असेल तर पंचाहत्तर वर्षांपेक्षा जुने, खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. व्यापाऱ्याला परवाना लागतो, नोंदवही आणि छायाचित्रे ठेवावी लागतात. जमिनीत मिळालेल्या ठेव्यासाठी तर 1878 चा कायदा अजून चालू आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू मिळाली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे, न कळवले तर शिक्षा. कळवले आणि शंभर वर्षांहून जुन्या ठेव्याला कुणी हक्कदार निघाला नाही, तर शोधणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जमीनमालकाला एक चतुर्थांश मिळण्याची तरतूदही त्यात आहे. शिक्षेची बाजू गावागावात पोहोचली आहे, वाट्याची बाजू पोहोचलेली नाही. नांगराला जुनी नाणी लागली की शेतकऱ्याच्या डोळ्यापुढे आधी पोलीस येतात, मग पंचनामा, मग तालुक्याच्या चकरा. अशा वेळी तो एक तर गप्प बसतो, नाही तर सराफाकडे जातो. कायद्याचा सगळा रोख मालकी आणि निर्यातीवर आहे. वस्तू कुठे आणि कशी मिळाली हे भीती न वाटता सांगता येईल, अशी जागा त्याने गावात निर्माण केली नाही.

प्रकाशा ज्या जिल्ह्यात आहे त्या नंदुरबारमध्ये याची निकड अधिक आहे. हा जिल्हा बहुसंख्य आदिवासींचा. भिल्ल आणि पावरा स्त्रियांचे चांदीचे जड दागिने अडीनडीला सराफाच्या तराजूवर जातात आणि मोडीच्या भावाने वितळतात, किंवा ‘आदिवासी चांदी’ म्हणून शहरातल्या दुकानाच्या काचेत बसतात. तिथे ना पाड्याचे नाव असते, ना घडवणाऱ्या सोनाराचे. तापीवर सारंगखेडा आणि प्रकाशा इथे बंधारे झाले, काठ बदलले, शेते आणि घरे वाढली. पांढरीची माती शेतात आणि बांधकामात वापरण्याची सवय तर आपल्या गावांना पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. अशा प्रत्येक फावड्याबरोबर खापरे निघतात आणि बांधावर फेकली जातात. याच नदीच्या काठावरचे सावळदा हे गाव तिथल्या रंगीत खापरांमुळे जगभरच्या पुरातत्त्वाच्या पुस्तकांत पोहोचले. एका विशिष्ट घाटणीच्या भांड्यांना अभ्यासक आज ‘सावळदा’ म्हणूनच ओळखतात. बांधावरच्या खापराची किंमत यापेक्षा आणखी कशी सांगावी?

वस्तू गावातच ठेवा, असा माझा आग्रह नाही. मौल्यवान मूर्तीला कुलूप, पहारा आणि दमटपणापासून संरक्षण लागते, आणि ते देण्याची ताकद लहान ग्रामपंचायतीकडे नसते, हे मान्य करायला हवे. वस्तू धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जावी, मुंबईला जावी, योग्य कागदांसह खासगी संग्रहातही जावी. धुळ्यातच देह ठेवलेल्या राजवाड्यांनी गावोगाव हिंडून दप्तरे गोळा केली आणि कुठला कागद कुणाकडे मिळाला याची खबर वाचकांना दिली. खानदेशाला ही रीत बाहेरून शिकायची गरज नाही. वस्तू जाईल तिथे जावो, तिची नोंद मात्र गावात राहावी आणि दालनातल्या पाटीवर दात्याच्या नावाआधी गावाचे नाव यावे, एवढीच मागणी आहे. परवानाधारक व्यापाऱ्यांनाही यात तोटा नाही. भारताने 1977 मध्ये स्वीकारलेल्या युनेस्कोच्या 1970 च्या करारानंतर जगातली जबाबदार संग्रहालये कागदाशिवाय वस्तूला हात लावायला कचरतात. ज्या वस्तूचा माग पक्का, तिलाच यापुढे प्रामाणिक गिऱ्हाईक मिळणार आहे.

हे काम करणार कोण, हा प्रश्न उरतो. पुरातत्त्व विभागाकडे मनुष्यबळ नाही ही तक्रार जुनी आहे आणि खरीही आहे. पण जिल्ह्यात सैन्यातून निवृत्त झालेले जवान आणि सुभेदार आहेत. नकाशा वाचणे, जागा नेमकी सांगणे, वस्तू ताब्यात घेताना तिची नोंद करणे याचे शिक्षण त्यांना सरकारनेच दिलेले आहे, आणि गावात त्यांच्या शब्दाला मान असतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे त्यांची यादी असते. शहादा तालुक्यातून अशा दहावीस इच्छुकांना, सोबत शाळांतल्या इतिहासाच्या शिक्षकांना आणि पाड्यांवरच्या जाणत्या स्त्रियांना आठवड्याभराचे प्रशिक्षण देता येईल. ग्रामपंचायतीत एक वही असावी: वस्तू काय, कुणाला मिळाली, कुठल्या गटात, किती खोल, शेजारी काय होते, आता कुणाकडे आहे, आणि सोबत छायाचित्र. दर तीन महिन्यांनी तिची प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात आणि धुळ्याला जावी. नोंद करणाऱ्या शेतकऱ्यावर केवळ त्या नोंदीवरून कारवाई होणार नाही, असे जिल्हाधिकाऱ्यांनी लेखी जाहीर करावे आणि 1878 च्या कायद्यातला त्याचा वाटा त्याच परिपत्रकात मराठीत आणि पावरी-भिल्ली बोलींत छापावा. थापरांच्या उत्खननाचा मराठी सारांश केदारेश्वराच्या घाटावर फलकाच्या रूपात लावायलाही फार पैसा लागत नाही. प्रकाशाच्या ग्रामसभेने वहीचा ठराव येत्या बैठकीत करायचे मनावर घेतले, तर त्यासाठी मुंबईच्या कुठल्याही शासन निर्णयाची वाट पाहावी लागणार नाही.